नारळाला न लागलेला हात

खरं सांगते, खरं सांगते, आणि पुन्हा एकदा ओरडून खरं सांगते! ह्यातला शब्दनशब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या तोंडात उरलेल्या दोन दाढा आजच्या आज गळून पडोत आणि पुढचा जन्म मला सोलकढीवर काढायला लागो. तुयेच्या कारखान्यापाठीमागं ज्या सकाळी हे घडलं त्या सकाळी पेडण्यापासून साखळीपर्यंत सगळं बंद होतं. बस नाही, रिक्षा नाही, मासळी नाही, शाळेची घंटा नाही. हे तुम्हाला कुणीही सांगेल. पण रंजनाच्या पोटात काय चाललं होतं ते कुणी सांगायचं नाही. ते मी सांगते.

रंजनाला जाग आली ती पाव आला नाही म्हणून. रोज उजाडता उजाडता पोदेर, आमचा पाववाला, सायकलवरून यायचा, पों पों करत, आणि त्या भोंग्यावर तिचा सगळा दिवस टांगलेला असायचा. भोंगा वाजला की उठायचं, चहा टाकायचा, मारुतीला हलवायचं, निळा कोट पिशवीत भरायचा. आज पत्र्याच्या फटीतून उजेड आत आला, गादीवर सरकला, तिच्या पायावर चढला, तरी भोंगा नाही. मारुती कधीच उठून संपाच्या गेटावर गेला होता. जाताना म्हणाला होता, "रंजे, आज कडी लावून बस. बाहेर पडू नको, लोकांची डोकी फिरल्यात." ती कडी लावून पुन्हा पडली होती आणि कान ताणून ऐकत होती. कानात नुसतं पाणी भरल्यासारखं झालं होतं. हे असं तिला आयुष्यात एकदाच झालं होतं, इचलकरंजीत. तिथं ती लहानाची मोठी झाली, यंत्रमागांच्या आवाजात. खडाखट खडाखट, दिवस नाही रात्र नाही. भिंतीला पाठ टेकली की आवाज पाठीतून आत शिरायचा, आणि तिला वाटायचं की हे आपल्याच छातीत चाललंय, सगळ्यांच्याच छातीत असं चालतं. मग एका सकाळी सबंध शहरानं संप केला आणि माग थांबले. एक नाही, गल्लीतले नाही, सगळे. पोर उठली ती दोन्ही कान दाबून रडायलाच लागली. बहिरी झाले, आई, मी बहिरी झाले! आई म्हणाली, "अगं येडे, संप हाय." तेव्हापासून संप म्हणजे तिला घोषणा नाही, झेंडे नाहीत. संप म्हणजे आवाज बंद पडणं. आणि आवाज बंद पडला की पाठोपाठ काय येतं तेही तिला तेव्हाच कळलं होतं.

बापानं बेलभंडारा उचलला होता. सगळ्या मागवाल्यांनी देवळात जाऊन उचलला, एकेकानं तळहातावर भंडारा घेऊन, की मालक ऐकेपर्यंत मागाला हात लावणार नाही. बाप घरी आला तेव्हा त्याचा उजवा तळवा पिवळाधमक होता आणि तो हसत होता. त्यानं रंजनाच्या गालावर हात फिरवला, गालही पिवळा झाला. मग संप लांबला, आणि रंजनाला ताप आला, असा की जीभ टाळूला चिकटली. बाप एका दुपारी मालकाच्या मागच्या दारानं आत गेला आणि माग चालवून आला. कुणी बघितलं नसेल असं त्याला वाटलं. पण सगळं शहर गप्प असताना एकच माग चालला तर तो कोसावर ऐकू जातो, हे त्या वेड्याच्या ध्यानातच आलं नाही. देव काही कोपला नाही. वीज पडली नाही, साप डसला नाही. ताप उतरला, संप मिटला, माग पुन्हा सुरू झाले. फक्त बापाशी बोलायचं लोकांनी सोडलं. तो पाराजवळ गेला की पार रिकामा व्हायचा. थोरल्या बहिणीच्या लग्नात वाढलेली पानं तशीच उन्हात वाळली. आणि बाप दिवसभर उजवा तळवा घासत बसायचा, राखेनं, विटकरीनं. पिवळं जात न्हाई, म्हणायचा. पिवळं तिथं काही नव्हतंच. एका सकाळी तो हौदाशी हात धुवायला गेला तो तिथंच बसलेला सापडला, मान खाली, हात पाण्यात, अंग गार.

म्हणून रंजनाला देवाची भीती नव्हती. तिला शपथेची भीती होती. आणि नशीब बघा, चंदगडच्या मारुतीशी लग्न करून, सह्याद्री उतरून गोव्यात आली, तुयेच्या कारखान्यात डबे भरायला लागली, आणि इथंही शपथ तिच्या पाठोपाठ घाट उतरून आली. झालं ते विठूमुळं. विठू प्रेसवर होता. मशीनचा पुढचा आडोसा महिनोन् महिने मोडलेला, आणि विठूचा हात आत गेला. रंजना पॅकिंगला, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. किंकाळी तिनं ऐकली नाही, मशीनच्या घरघरीत कुणीच ऐकली नाही. तिनं बघितला तो पट्ट्यावरून डब्यांच्या रांगेत शिस्तीत येणारा विठूचा हातमोजा. तो तिच्यासमोर येऊन थांबला. मोजा रिकामा नव्हता. कंपनी म्हणाली, विठू आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, माझा होता, पण कालपर्यंत. हे ऐकून आधी तो एक कारखाना थांबला, मग शेजारचा, मग सगळी वसाहत. मग बसवाले म्हणाले आमच्यातही असे कालपर्यंतचे खूप आहेत, साखळीकडचे खाणीवरचे ट्रकवाले म्हणाले, दुकानातली पोरं म्हणाली, हॉटेलातले भांडी घासणारे म्हणाले. कुणाच्या घरात एक विठू नाही? असं करत करत पेडण्यापासून साखळीपर्यंत दोन्ही तालुके एका दिवसासाठी कडेकोट बंद करायचं ठरलं.

पण आमच्याकडं नुसतं ठरवून भागत नाही. राखणदाराला सांगावं लागतं. राखणदार म्हणजे गावच्या शिवेचा धनी. कांबळं पांघरून, काठी टेकत रोज शीव फिरतो. त्याला विडी लागते, सोरो म्हणजे दारू लागते, रोट लागतो, आणि वर्षाला चामड्याच्या नव्या वहाणा लागतात, कारण चालून चालून जुन्या झिजतात. कारखान्याची भिंत बांधताना त्याचा दगड मधे आला. तो हलवायला गेलेला जेसीबी असा बंद पडला म्हणतात की शेवटी बैल लावून ओढून न्यावा लागला. मुकाट्यानं भिंतच तिथं वाकडी घेतली. आजही आहे, जाऊन बघा. त्या दगडापुढं, सातविणीच्या झाडाखाली, बंदच्या आठवडाभर आधी सगळे कामगार जमले. नव्या वहाणा ठेवल्या, नारळ ठेवला, आणि सगुण गावकरानं, म्हातारा ऑपरेटर तो, गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, शिवेच्या धन्या, ही तुझी लेकरां एक जावन तुझ्या पायाकडे आयली आसत. विठूचो हात गेलो. विठू आमचो मनीस म्हणून कंपनी मानून घेयपर्यंत एकय पाय ह्या गेटाच्या भितर पडूंचो नाय. आणि कोणाचो पडलो, तर तुझी काठी आणि तेची पाठ!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग एकेकानं पुढं होऊन नारळावर उजवा हात ठेवायचा. रांग सरकत होती. मारुतीनं हात ठेवला. रंजनाला पुढच्या बाईची वेणी दिसत होती, वेणीपलीकडं नारळ, आणि नारळ तिला पिवळा दिसायला लागला. सातविणीचा वास डोक्यात चढला होता. ती विनोदिनीबाईच्या कानाला लागली, "मला चालायचं न्हाई. मी बाजूला हाय." विनोदिनी तिच्या शेजारी पॅकिंगला उभी राहणारी, तोंडानं फटकळ. ती रंजनाकडं बघत म्हणाली, "बरां. त्या माडाकडे जावन उबी रव." आणि रंजना माडाला टेकून उभी राहिली, आणि नारळापुढची रांग तिच्याशिवायच संपली.

खोटं होतं ते. ती बाजूला वगैरे काही नव्हती. संध्याकाळी सवयीनं तिनं देवापुढं दिवा लावला, आणि वळून बघते तर मारुती दिव्याकडं टक लावून बसलेला. तो उठून बाहेर जाऊन बसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

आणि काल दुपारी गौरेशचा फोन आला. गौरेश सुपरवायझर, इथलाच, पार्सेचा, गोड बोलणारा.

"रंजनाताई, जेवलात?"

"व्हय. बोला की."

"नारळाक तुमचो हात लागूंक नाय न्हय?"

तिच्या हातातला फोन गरम झाला.

"तसां न्हय, मी तुमकां पाप करूंक सांगणंय नाय हां. जेंनी हात लायलो तेंकां मी हाक पण मारूंचंय नाय. माकाय पोरां-बाळां आसत, त्या धन्याची काठी माका नको. पण तुमी सुटी! सगळ्या वसाहतीत तुमी एकटी सुटी. उद्यां मागल्या गेटान येवा. मशिनीर जरा उबी रवा, दोन डबे भरा. मी व्हिडिओ काढतंय, काम चालू आसा म्हणून सगळीकडे धाडतंय. एक बाई कामार दिसली काय दुसरी येता. मगे सगळीच येतत."

"आणि न्हाई आले तर?"

"येतल्यात. मारुतीभाव आणि तुमी, दोघांय पर्मनंट, मॅनेजरसायबाचो शब्द. आणि खोली माझ्या मामाची, तां तुमकां ठावक आसा."

सुटी. रात्रभर तो शब्द पोटात मेलेल्या मासळीसारखा पडून होता. सगळे बांधलेले आणि आपण सुटी. बांधलेल्यांना कसली भीती? दोर धरून बसायचं. सुटलेल्याला वारा कुठंही नेतो. पर्मनंट झालं तर मारुतीला दर सहा महिन्यांनी ठेकेदाराच्या दारात उभं राहायला नको, हेही खरं होतं. आपण शपथ घेतलीच नाही तर मोडते कुठली, हेही खरं होतं. इतकं सगळं खरं असून तिच्या हातापायांना मुंग्या येत होत्या. नुसतं बघून येते, असं ती स्वतःला म्हणाली. निळा कोट पिशवीत भरला, तोही नुसताच. कडी काढली, बाहेर पडली, आणि दार ओढून घेताना काहीतरी मऊ तिच्या खांद्याला लागलं. मऊ आणि किंचित ऊबदार, एखाद्या माणसाच्या हाताएवढं. तिनं वळून बघितलं नाही. बघवेना. ती तशीच चालत सुटली.

रस्ता असा की जणू रात्रीतून माणसं उचलून नेलीत. दुकानांची शटरं खाली, बसस्टॉपवर एक कुत्रं उताणं पडलेलं. कारखान्यांची धुराडी मोकळी, आणि त्यांच्यावरचं आभाळ पहिल्यांदाच इतकं निळं की बघवत नव्हतं. ती शेतातल्या मेरेवरून, बांधाबांधानं, निघाली. भात कापून झालेलं, नुसते खुंट. आणि तिथं मागं टक्क झालं. ती थांबली, आवाज थांबला. ती चालली, टक्क. टक्क. घाईचा नाही, म्हाताऱ्या माणसाला सगळा दिवस पडलाय असा. तुम्ही म्हणाल पिशवीतला डबा वाजला असेल. डबा तिनं घेतलाच नव्हता! तिला वाटलं मागं वळलं तर कांबळं पांघरलेला कुणी दिसेल, आणि कांबळ्यातून बापाचं तोंड बाहेर येईल. तो रागावणार नाही. तळवा पुढं करून म्हणेल, बघ गं, गेलं का? पाठीचा मणका न् मणका तिला वेगळा जाणवत होता, प्रत्येक मणका काठीची वाट बघत होता. धावावं तर पाय पुढच्याच दिशेला धावणार, आणि पुढं ते गेट.

गेटाशी विनोदिनी बसली होती. सातविणीखाली राखणदाराच्या दगडाशेजारी, माडाच्या चुडतांचा भारा घेऊन कोयतीनं पानांच्या मधल्या काड्या, हीर, सोलत. संपवाल्यांनी तिला मागच्या गेटावर राखण बसवली होती आणि रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून झाडू करत होती.

"खंय गो चल्लंस?" तिनं मान वर न करता विचारलं.

"काय न्हाई. आले असंच."

"असांच? निळो कोट घेवन असांच?"

रंजनानं पिशवी पाठीमागं नेली. विनोदिनीची कोयती पानावरून सर्रकन गेली.

"गौरेशाचो फोन इल्लो मगे."

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"सांगूंक कित्याक व्हया? नारळाक हात नाय लायलेलां तू एकटांच. मी गौरेश आसतंय तर मी पण तुकाच फोन करतंय." मग तिनं मान वर केली. "आणि एक सांगतंय. इतकी वर्सां एका टेबलार माल भरतो आमी. तुझे दीस माका ठावक नाय? त्या दिसा तू कडेक नव्हतंस."

 रंजनानं पिशवी पुढं आणली. "मग तवाच का न्हाई बोलला?"

"बोलून काय करू? तुझो हात धरून नारळार दाबू? दाबून लायलेलो हात राखणदार मोजना. आमच्या घोवाक पण लग्नात असोच दाबून बसयल्लो, काय उपेग झालो?"

रंजनाला हसू आलं नाही. तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. मारुतीलाही कधी सांगितलं नव्हतं ते. "माझ्या बापानं भंडारा उचलला हुता, बाई. आणि मोडला. माझ्या तापासाठनं मोडला."

"मगे? देवान मारलो?"

"न्हाई. कुणी बोलत न्हवतं त्याच्याशी. हात धूत बसायचा." तिनं पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "कुणीच बोलत न्हवतं. मीबी."

मीबी. हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण बोलल्यावर ऐकू आलं. बाप पाण्यात हात घालून बसायचा आणि ती शाळेतून येताना गल्लीच्या दुसऱ्या बाजूनं जायची, मैत्रिणी बरोबर असायच्या म्हणून. तो बघायचा. हाक मारायचा नाही.

विनोदिनी हीर सोलायची थांबली होती. तेवढ्यात गेटाची कडी आतून वाजली. फट पडली, फटीत गौरेशचा चेहरा, दाढी केलेला, पावडर लावलेला, हातात मोबाईल. "रंजनाताई, बेगीन येवा. विनोदिनीमावशे, तू मधे बोलू नको हां, ही सुटी आसा."

"मी खंय बोलतंय? मी झाडू करतंय."

रंजना दगडासमोरून गेटाकडं निघाली, आणि खाली बघितलं. बघायला नको होतं. नारळाशेजारी वहाणा होत्या, गाऱ्हाण्याच्या दिवशी ठेवलेल्या. त्या दिवशी नव्या कोऱ्या, करकर वाजणाऱ्या, चामड्याला तेलाचा वास. आता अंगठ्यापर्यंत तांबडी माती चढलेली. डाव्या वहाणेची टाच झिजून तिरकी झालेली, जसा एखादा माणूस काठीवर भार टाकून चालतो तशी. सगळ्यांनी संप करून घरी बसायचं ठरवलं आणि हा एकटा मात्र रोज राबत होता. गौरेशनंही त्या बघितल्या. त्यानं मोबाईल खाली घेतला. "ताई, बगू नका. तुमकां काय तेचां? तुमी चला."

मागं टक्क झालं. अगदी जवळ. तिच्या मानेवर श्वास लागावा इतकं जवळ.

तिनं ठरवलं असं मी म्हणणार नाही. ठरवायला माणूस शाबूत लागतो. तिच्या पिशवीचा बंद हातातून सुटला, आणि रिकामा झालेला तो हात खाली गेला आणि नारळावर बसला. नारळ दवानं ओला होता. गार. शेंडी तळव्याला टोचली. हात जळाला नाही, पिवळा झाला नाही, आणि भीतीही कुठं गेली नाही, उलट पायापासून भरत भरत गळ्याशी आली. "मी बाजूला न्हवते," ती दगडाला म्हणाली. "खोटं बोलले. मीबी हाय ह्यांच्यात. मीबी."

"अरे देवा! ताई, हात कित्याक लायलात?" गौरेश रडकुंडीला आला. "आता मी कोणाक बोलवू? मॅनेजराक काय सांगू?" मोबाईल त्यानं खिशात टाकला, घाईघाईनं बूट काढले, दगडाला हात जोडले, आणि बूट हातातच धरून मागल्या पावलांनी आत गेला. कडी पडली.

विनोदिनीनं बाजूला सरकून जागा केली. रंजना बसली. तिनं तळवा उलटा करून बघितला. माती, दोन काथ्याचे धागे. पदराला पुसावासा वाटला, हात पदरापर्यंत गेलासुद्धा, आणि तिनं तो मांडीवर उताणा ठेवून दिला. आता खोली जाणार. आता संप हरला तर पहिली ती आणि मारुती जाणार. आणि संप लांबला, घरात कुणाला ताप आला, तर? तर काय? ह्या हातानं मागचं दार उघडायचं नाही, आणि बाप मात्र अजून तिथं हौदाशी बसलेलाच.  पण विनोदिनीचं गुडघ्याचं हाड तिच्या गुडघ्याला लागत होतं.

"घे," विनोदिनीनं एक चुडत तिच्यापुढं टाकलं. "हीर काढ. थरथरता हात बरो, पान पातळ सुटतां."

आणि टक्क, टक्क, भिंतीच्या वाकड्या कोपऱ्यावरून तो आवाज निघाला आणि सावकाश पुढच्या गेटाकडं गेला, जिथं मारुती बसला होता.

"फेरयेक गेलो," विनोदिनी म्हणाली.

तर हे असं आहे. काठी खरी, झिजलेल्या वहाणा खऱ्या, आजही त्या तिरक्या टाचेच्या वहाणा सगुण गावकराकडं बघायला मिळतील. खोली गेली तेही खरं. आता तुम्ही माझ्या दाढांकडं बघताय म्हणून एक सांगून टाकते. पाव आला नाही, ते मात्र मी माझ्या पदरचं घातलं. पोदेर आला होता. संपवाल्यांनीच त्याला मोकळा ठेवला होता, गेटावर बसलेल्यांनी खायचं काय? तो रंजनाच्या दारासमोर उभा राहिला, भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, शेजारची पोरं उठली एवढा वाजवला. मग गरम पावांची पिशवी दाराच्या खिळ्याला, तिच्या खांद्याच्या उंचीवर, अडकवून गेला. ती आत जागीच होती.

तिला ऐकू आलं नाही.